एफडीला हप्ता नसतो

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 44, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, मुलगी आठवीत, घराचं कर्ज 18 लाख बाकी. सांगलीवाडीतल्या एका शेडमध्ये 1987 ची राजदूत 350 मोटारसायकल उभी आहे. मालक दीड लाख सांगतो, मिस्त्री म्हणतो आणखी दीड लाखात नवीकोरी करून देतो. 'लहानपणी मामाच्या राजदूतवर मागे बसायचो, तो आवाज अजून कानात आहे. बँकेतली तीन लाखांची एफडी मोडून घेऊ का? दरवर्षी एक लाख भरतोय, अजून सात वर्षं आहेत. पाच वर्षांनी विंटेज म्हणून सहा लाखांना जाईल.'

साहेब, गाडी जरा बाजूला ठेवू. 'दरवर्षी एक लाख भरतोय' इथेच मी अडकलो. एफडीला हप्ता नसतो. सोबतच्या पावतीवर स्पष्ट 'प्रीमियम' छापलंय. ही विम्याची पॉलिसी आहे, बँकेच्या काउंटरवर एफडी म्हणून तुमच्या गळ्यात मारलेली. असली पत्रं महिन्याला दोन-तीन येतात, आता राग यायचाही कंटाळा आलाय.

दहा वर्षं लाख-लाख भरायचे आणि पंधरा वर्षांनी 17 लाख मिळायचे. म्हणजे परतावा जेमतेम 5 टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये टाकले असते तर 7.1 टक्क्यांनी 21 लाखांच्या आसपास झाले असते. आणि विमा किती? दहा लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घराचं कर्जसुद्धा फिटणार नाही, मुलीचं शिक्षण लांबच.

मोडून तीन लाख मिळतील हे डोक्यातून काढा. तीन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर किंमत, म्हणजे मध्येच मोडल्यावर नक्की मिळणारी रक्कम, भरलेल्या पैशांच्या साधारण 35 टक्के, म्हणजे लाखभर. तेव्हा आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला 25 ते 35 हजार. तो हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून 'पेड-अप' ठेवली तर शेवटी किती. मोठ्या तोट्यात मोडण्यापेक्षा पेड-अप बरी पडते का, ते त्यावरून ठरेल. हप्त्याचे सुटलेले पैसे टर्मला आणि पीपीएफला.

आता गाडी. दोन सिलिंडर, 347 सीसी, टू-स्ट्रोक. यामाहाच्या आरडी 350 ची एस्कॉर्ट्सने काढलेली आवृत्ती. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला, त्यामुळे पळायची जोरात आणि थांबायची सावकाश. माझ्या नशिबी आरएक्स 100 होती, तरी आयर्विन पुलावर राजदूत मागून आली की न बघता कळायचं.

पण गुंतवणूक? तीनचे पाच वर्षांत सहा म्हणजे वर्षाला 15 टक्के, तेही मिस्त्रीचं बिल दीड लाखात थांबलं तर. इंजिनाचा क्रँक उघडल्यावर ते थांबत नाही. शिवाय सरकारी नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली. तुमची 2037 ला होईल. आरसी नूतनीकरण केलेली आहे का, नाव कोणाचं, इंजिन-चासी नंबर जुळतात का, हे पत्रात काहीच नाही.

टर्म विमा झाल्यावर बोनसमधून, हौस म्हणून घ्या. मी अडवणार नाही. फक्त त्याआधी सांगलीवाडीला जाऊन शेडच्या भिंतीवर 2019 च्या पुराची खूण कुठवर आहे ते बघून या. ती इंजिनाच्या वर असेल तर मिस्त्रीचा अंदाज विसरा.