पैदाशीची मादी निवडताना वजनाआधी पाय बघा

प्रश्न (गोराईहून): माझ्याकडे पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या सहा मादी आहेत. खाणं हॉटेलांत उरलेलं. दुसऱ्या वेतानंतर तिघी मागच्या पायांनी लंगडू लागल्या, एक तर उठतच नाही. नर घरच्याच वेतातला. आता नव्या मादी ठेवायच्यात, कशा निवडू?

उत्तर: दादा, आधी या तिघींचे खूर धुऊन पाहा. खुरांच्या फटीत किंवा नाकावर फोड दिसले तर लाळ्या-खुरकूत असू शकतो. तसं असेल तर त्यांना बाजूला काढा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फोड नसतील तर पुढचं वाचा.

आपण सगळ्यांत जाड पिल्लू पैदाशीला ठेवतो, चूक तिथेच होते. पायांची ठेवण आईबापांकडून पिल्लांत उतरते, आणि अंग झपाट्याने भरतं तेव्हा कमकुवत सांध्यांना तो भार पेलत नाही. मादी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की तिला चिखलात नव्हे, कोरड्या कोब्यावर चालवा. घाई करू नका, दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत राहा.

बाजूने पाहिलं तर मागचा पाय खांबासारखा ताठ नको. सांध्यात थोडा बाक असला, खुरावरचा भाग किंचित तिरका असला, तर पावलागणिक बसणारा हादरा तिथे जिरतो. ताठ पायात तोच हादरा सांध्यावर बसतो आणि सांधा झिजतो. पुढचे गुडघे पुढे वाकलेले, पावलं आखूड, चालताना मागचं अंग डुलतंय, अशी मादी कितीही देखणी असली तरी सोडून द्या. मागून पाहताना दोन्ही पाय सरळ, एकमेकांपासून मोकळे हवेत.

मग खूर बघा. बहुतेकांचं लक्ष इथे जातच नाही. एका पायाची दोन्ही बोटं जवळपास सारखी हवीत. आतलं बोट फार लहान असलं की सगळं वजन बाहेरच्या बोटावर येतं, ते तडकतं, आणि तड्यातून घाण शिरली की पाय सुजतो. अर्ध्या इंचाहून जास्त फरक दिसला तर ती मादी नकोच. सडांची संख्या वगैरे त्यानंतर मोजा.

नराला हीच परीक्षा आणखी कडक लावा. मादीवर चढताना त्याचा सगळा भार मागच्या पायांवर येतो, आणि त्याचे दोष एकाच वर्षात अनेक वेतांत पसरतात. घरचा नर त्याच्या बहिणींना किंवा लेकींना लावू नका. बाहेरून आणा, जमलं तर त्याची आई चालताना पाहून या.

मात्र सगळा दोष रक्ताचा नाही. भात-पावावर वाढलेल्या जनावराला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो, आणि दूध पाजताना आईच्या हाडांतला चुना दुधात जातो. तुमच्याकडे मादी वेतानंतर बसल्या, त्यामागे हेही असू शकतं. क्षार मिश्रण किती द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. उरलेलं अन्न निदान अर्धा तास उकळून द्या आणि डुकराच्या मांसाचे तुकडे त्यात अजिबात नकोत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग त्यातून येऊ शकतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर कोबा महिनोन्महिने ओला राहतो, खूर मऊ पडतात. उतार नीट करा, एक कोपरा तरी कोरडा ठेवा.

न उठणाऱ्या मादीला आजच डॉक्टर दाखवा, हाड मोडलेलंही असू शकतं. आणि या तिघींची पिल्लं मांसासाठी वाढवा, पैदाशीला एकही ठेवू नका.