पंप तुझ्या बॅगेत राहिला

प्रश्न : मावशी, मी दारव्हा तालुक्यातला, वय २३. दिवाळीनंतर आम्ही चौघं सायकलनं गोंदियाहून लोणारला निघालो होतो. वाटेत सगळे आमच्या घरी जेवले. दुसऱ्या रात्री कारंज्याच्या पुढे एका देवळात मुक्काम होता, तिथं बाबाचा फोन आला. कापूस फुटला, वेचायला बाया भेटत नाहीत, आईची कंबर धरली, ये. सांगायला गेलो असतो तर सगळ्यांसमोर रडू आलं असतं, म्हणून पहाटे चारला 'घरी काम आहे, जातो' अशी चिठ्ठी ठेवून निघालो. हवेचा पंप चुकून माझ्याकडेच राहिला. पुढे आमच्या सरांची सायकल पंक्चर झाली, सहा किलोमीटर ढकलत नेली म्हणे. आता सर माझा फोन उचलत नाहीत. बाकीचे दोघं फक्त 'ठीक आहे' म्हणतात. एवढा काय गुन्हा केला मी?

बाळा,

गुन्हा नाही, पण पंप नेलास की रे! तुझ्या पत्रात तो एका वाक्यात येऊन जातो. सरांच्या डोक्यात मात्र तोच असणार. तुमच्याकडच्या रस्त्यांवर बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही. ट्यूबला पॅच लावता येतो, पण हवा काही तोंडानं भरत नाही. चौघांत एकच पंप ठेवला की वजन कमी होतं, हे बरोबर. पण मग मधूनच निघणाऱ्यानं आधी आपली बॅग उलटी करून दाखवायची असते.

आता चिठ्ठीचं. मला तू कापूस, बाया, आईची कंबर, सगळं लिहिलंस. त्यांच्यासाठी चार शब्द. त्यातही 'जातो'! अरे, आपण किराणा दुकानातून निघतानाही 'येतो' म्हणतो. आणि ही माणसं परकी नव्हती. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी तुझ्या आईच्या हातचं खाल्लं होतं. तिची कंबर धरली हे कळलं असतं तर कुणी अडवलं नसतं. मला तर वाटतं, तुला रडण्याची नव्हे, वेचणीची लाज वाटली. बाकीचे सुट्टी काढून फिरायला आलेले आणि आपण मधूनच कापूस वेचायला परत. चुकत असेन तर सोडून दे. तुझ्या बाबालाही पाहुण्यांसमोर बोलता आलं नाही, रात्री फोनवर बोलले. घराण्याचीच खोड दिसते.

आमच्या घरी पाहुणा निघाला की माय चपला घालायची आणि फाट्यापर्यंत जायची. एसटीला तास लागला तरी उभी. लहानपणी मला कंटाळा यायचा. तुमच्या दारव्हा-कारंज्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला जायची, ती ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. ती एवढी सावकाश निघायची की पोचवायला आलेला माणूस खिडकीशी बोलत बोलत चालायचा. पोचवणं हे निघणाऱ्याचं काम नसतंच, ते मागं राहणाऱ्यांचं. त्या पहाटे तिघं उठले असते, डोळे चोळत चहा शोधला असता, दारव्ह्याच्या दिशेनं दोन-चार किलोमीटर तुझ्यासोबत सायकल मारली असती. तू रडला असतास, मग सरही रडले असते कदाचित. हे तू त्यांना करू दिलं नाहीस.

सरांना मेसेज टाकू नकोस. निवृत्त शिक्षक असतील तर शुद्धलेखन तपासत बसतील. फोन उचलत नाहीत तर पोस्टकार्ड लिही. सुरुवात पंपानं कर, कापसानं नको. कापसाचं आधी आलं की ती सबब वाटते. 'पंप माझ्याकडे राहिला, तुम्हाला सायकल ढकलावी लागली, चुकलो.' मग आईचं. रडू येईल म्हणून पळालो, हेही लिही. लाजू नकोस.

उरलेल्या दोघांना फोन चालेल. त्यांचं 'ठीक आहे' म्हणजे रुसवा आहे, राग नाही.

वेचणी आटोपली, तुरीच्या शेंगा भरल्या की तिघांनाही बोलाव. शेंगा उकड, शेतात गोवऱ्यांवर रोडगे लाव, वांग्याची भाजी कर. आईला मात्र चुलीपाशी बसवू नकोस, तूच कर. ते निघाले की फाट्यापर्यंत जा. पंप कुरियरनं पाठवायचा नाही. तिथं फाट्यावर सरांच्या हातात दे.

तुझी मावशी