जानेवारीच्या जेईईत ९७.६ पर्सेंटाइल, आम्ही नागपूरचेच, मुलीला व्हीएनआयटी मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला जेईई मेनच्या जानेवारी सेशनला ९७.६ आलेत, ओपन कॅटेगरी, घर मानेवाड्याला, आणि शेजारचे काका म्हणतात "आपल्या गावचं कॉलेज आहे, लोकल सीटवर होऊन जाईल". बाकीचं सांगतो, पण ते काका वाचून माझं डोकंच सटकलं, कारण असे एक गृहस्थ आमच्याही घरात आहेत, फक्त ते जावई पडल्यामुळे त्यांना कोणी काही बोलत नाही.

लोकल सीट वगैरे काही नसतं हो. व्हीएनआयटी ही केंद्राची एनआयटी, तिथे निम्म्या जागा होम स्टेटच्या, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या, निम्म्या बाहेरच्या राज्यांच्या. आणि महाराष्ट्रात एनआयटी एकच, म्हणून पुणे, लातूर, नाशिक, मुंबई सगळी पोरं त्याच निम्म्यात तुमच्या मुलीसोबत उभी आहेत. मी अभ्यंकर नगरात लहानाचा मोठा झालो, आमच्याकडचे जुने लोक अजूनही व्हीआरसीईच म्हणतात, २००२ मध्ये एनआयटी होऊन नाव बदललं तरी. पण अंबाझरीजवळ राहतो म्हणून तलाव काही आपल्या नावावर होत नाही.

तर आमचे जिजाजी. भाच्याला दहावीत चांगले मार्क पडले तसं त्यांनी ठरवून टाकलं की पोरगा राजस्थानात कोट्याला जाणार, अकरावी-बारावी तिथल्याच एका शाळेत नावापुरती आणि दिवसभर क्लास. ठीक आहे, पैसा त्यांचा, पोरगा त्यांचा. पण आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या पोरांचे ॲडमिशनचे फॉर्म मी भरून देतो, मला ते बारीक अक्षरातले नियम वाचायची सवय आहे, म्हणून महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी सहज म्हटलं की जिजाजी, बारावी नागपुरातूनच देऊ द्या, क्लास कुठेही लावा, कारण एनआयटीचं होम स्टेट बारावी कोणत्या राज्यातून पास झाला त्यावरून ठरतं, डोमिसाइलवरून नाही. तर ते पंगतीत सगळ्यांसमोर म्हणतात, "अबे, पोरगा नागपूरचा, बाप नागपूरचा, आजोबा महाल भागातले, तो राजस्थानी कसा होऊन जाईल? तू बीकॉमवाला माणूस, तू टॅली पाह्य." सगळे हसले. मी पुढे बोलणार तर आईने डोळे वटारले, जावयाशी वाद घालायचा नाही, आंबील वाढ म्हणे त्यांना. वाढली.

पुढे बारावी झाली, रँक आला, आणि जूनमध्ये जोसाचं, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित ॲडमिशनचं, रजिस्ट्रेशन करायला बसले तर स्क्रीनवर स्टेट कोड ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे त्याचं होम स्टेट: राजस्थान. रात्री साडेअकराला फोन. "हे चुकून आलंय ना, बदलता येईल ना?" नाही येत. मग सेतूत चकरा मारून डोमिसाइल काढलं, आधार काढलं, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला, एका नगरसेवकाचं पत्र पण आणलं, त्यात लिहिलं होतं की सदर विद्यार्थी माझ्या प्रभागातील रहिवासी आहे. ते पत्र कुठे अपलोड करायचं हे मला विचारून राहिले होते! आणि खरं दुःख हे की त्याच्या रँकवर त्याला पाहिजे ती ब्रँच होम स्टेटच्या यादीत बसत होती आणि बाहेरच्या राज्यांच्या यादीत बसत नव्हती. म्हणजे दुसऱ्या राज्यात बारावी दिली म्हणून घरापासून स्कूटीने जाता येईल असं कॉलेज गेलं. आपल्या राज्याची सीईटी तरी द्यायची, आई-वडिलांच्या डोमिसाइलवर तो रस्ता उघडा होता, पण तो फॉर्मच भरला नव्हता, कारण जिजाजींच्या मते सीईटी म्हणजे ज्यांना जेईई झेपत नाही त्यांच्यासाठी. शेवटी जोसा संपल्यावर उरलेल्या जागांसाठी होणाऱ्या सीएसएबीच्या राउंडमध्ये लांबच्या एका एनआयटीत लागला, ट्रेन बदलून जावं लागतं. आता जिजाजी लग्नाकार्यात सांगतात की आम्हाला मुद्दामच बाहेर पाठवायचं होतं, एक्स्पोजर मिळतं. पण धाकटी भाची यंदा अकरावीला इथेच आहे, नागपुरात, का ते मी विचारलं नाही.

हां, तर तुमचं. मुलीची बारावी महाराष्ट्रातूनच होत असेल तर ही भानगड तुम्हाला नाही. दुसरं, ९७.६ वर ॲडमिशन होत नाही, ऑल इंडिया रँकवर होते, आणि तो एप्रिल सेशन झाल्यावर येतो, दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात. अंदाजच पाहिजे तर २०२५ मध्ये पावणेपंधरा लाखांच्या आसपास पोरं बसली होती, त्याच्या २.४ टक्के काढा, ३५ हजारांच्या जवळ येतं. त्या रँकवर ओपनमध्ये कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स विसरा, काका काहीही म्हणोत. जोसाच्या साइटवर मागच्या वर्षांचे ओपनिंग-क्लोजिंग रँक, म्हणजे कोणत्या रँकपासून कोणत्या रँकपर्यंत सीट गेली ते, आहेत, त्यात होम स्टेटची ओळ बघा, शेवटच्या राउंडची बघा, आणि मुलगी आहे म्हणून फिमेल-ओन्लीची वेगळी ओळ असते ती नक्की बघा, २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत आणि बऱ्याच ब्रँचला तिथे क्लोजिंग रँकचा आकडा थोडा मोठा असतो. सिव्हिल, मेटलर्जी, मायनिंग इथे तुम्हाला खरं उत्तर सापडेल, माझ्याकडून टक्केवारी मागू नका, युट्यूबवर "९० टक्के चान्स" सांगणारे बसलेत ते पण अंदाजच मारतात.

मायनिंग ऐकून नाक मुरडू नका. वेकोलि (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या दोन्ही सरकारी खाण कंपन्यांचं हेड ऑफिस आपल्याच गावात आहे, आणि २०१९ पासून महिलांना भूमिगत खाणीत पण ठरलेल्या वेळेत कामाची परवानगी आहे. पण मुलीला कोडिंगच करायचं असेल तर फक्त नावासाठी तिथे ढकलू नका, मग सीईटीतून शहरातलं एखादं चांगलं कॉलेज घ्या. हे जिजाजींना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, तुम्ही ऐका. नागपूरची ट्रिपल आयटी पण जोसातूनच आहे, बुटीबोरीकडे, पण तिथे होम स्टेट चालत नाही, देशभराची एकच यादी.

चॉईस भरताना रँक बघून कंजुषी करू नका, आवडीच्या क्रमाने भरपूर भरा, वरची नाही लागली म्हणून खालच्याला काही होत नाही. सीट लागली की फ्लोट ठेवायचं, म्हणजे ती सीट हातात ठेवून वरच्या चॉईसची वाट पाहायची, फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, घाईत करायचं नाही. आणि सीईटीचा फॉर्म भरलाच असेल असं धरतो.

हे सगळं एप्रिलच्या पेपरवर अवलंबून आहे हे वर सांगायचं राहिलं. ९७.६ चे ९८.५ झाले तर रँक २२ हजारांच्या आसपास येतो आणि माझं निम्मं उत्तर बदलतं. बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असणं पण लागतं, म्हणून बोर्डाला ऑप्शनला टाकू नका. कोट्याला जाऊन चांगलं झालेली पोरं पण मी पाहिलीत, माझा राग क्लासवर नाही.

अजून एक, ओपन लिहिलंय तुम्ही, पण घरचं उत्पन्न ८ लाखांखाली असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकात) बसता का ते बघून घ्या, रँकमध्ये फरक पडतो. दाखला त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा आणि केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही, जूनमध्ये सेतूत मरणाची गर्दी असते म्हणून आधीच काढा. यावरून पण आमच्याकडे भांडण झालं होतं, पण ते दुसऱ्या जावयासोबत.