जुनी शिडाची बोट घेताय? आधी व्हॅटचे कागद मागा

ब्रिटन आणि युरोपात राहणाऱ्या वाचकांकडून जुन्या शिडाच्या बोटींबद्दल प्रश्न आले आहेत. बहुतेकांनी इंजिन, शिडं, कील (बोटीच्या तळाचा कणा) यांची तपासणी नीट करून घेतली आहे. व्हॅटचा विचार मात्र इसार दिल्यावर सुचलेला दिसतो. क्रम उलटा हवा. हलमधला, म्हणजे बोटीच्या धडातला, दोष दुरुस्तीच्या खर्चात निभावतो. राहिलेला व्हॅट अख्ख्या बोटीच्या किमतीवर लागतो, आणि कस्टम्स तो मागायला येतं तेव्हा बोट तुमच्या नावावर असते.

प्रश्न : रॉटरडॅमला राहतो. एका डच गृहस्थांकडून दहा मीटरची बोट घेतोय. जाहिरातीत ‘व्हॅट भरलेला’ असं लिहिलंय. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. खासगी माणसाने खासगी माणसाला जुनी बोट विकली तर त्या व्यवहारावर नवा व्हॅट लागत नाही, हे खरं. पण या बोटीवर युरोपीय संघात कधीतरी व्हॅट भरला गेला होता का आणि तो दर्जा अजून टिकून आहे का, हे जाहिरातीतल्या दोन शब्दांवरून कळत नाही.

सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे पहिल्या विक्रीचं मूळ बिल. त्यात व्हॅटची रक्कम वेगळी दाखवलेली हवी आणि बोटीचा क्रमांक हलवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळायला हवा. बोट बाहेरून आणलेली असेल तर बिलाऐवजी आयातीच्या वेळची कस्टम्सची पावती बघा. त्यानंतर पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी खरेदीखतं. मधलं एक जरी गहाळ असेल तर ते का नाही, हे विचाराच.

बोट मध्ये कधी डीलरकडून विकली गेली असेल तर त्याच्या बिलावर व्हॅट वेगळा दिसणार नाही, असं होऊ शकतं. जुन्या मालावर डीलर फक्त आपल्या नफ्यावर कर भरतो आणि तो बिलात दाखवत नाही. त्यामुळे असं बिल बघून घाबरू नका. पण त्यावर भागवूही नका, त्याच्या मागचं मूळ बिल शोधा. विक्रेत्याकडे नसेल तर बोट बांधणाऱ्या कंपनीला किंवा पहिल्या डीलरला हलचा क्रमांक देऊन विचारा. जुन्या नोंदी पुष्कळदा मिळतात.

झेंडा आणि नोंदणी यांच्यावर मात्र अजिबात विसंबू नका. ब्रिटनच्या छोट्या बोटींच्या रजिस्टरातली नोंद म्हणजे सातबारा नव्हे. तिच्यावरून मालकीसुद्धा सिद्ध होत नाही, कराची गोष्ट दूरच. तिथल्या मुख्य रजिस्टरात मालकी ६४ हिश्श्यांत नोंदवतात आणि कर्जाचा बोजाही कळतो. व्हॅटबद्दल तेही गप्पच असतं.

कागद अपुरे असतील आणि तरीही बोट सोडवत नसेल, तर किंमत कमी करून घ्या. ‘कर निघाला तर विक्रेता भरेल’ हे कलम करारात घाला. पण परदेशी गेलेल्या माणसाकडून वसुली करायची वेळ आली की त्या कलमाचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : साउथॅम्प्टनला असतो. ग्रीसमध्ये असलेली ब्रिटिश झेंड्याची बोट ब्रिटिश मालकाकडून घ्यायची आहे. व्हॅट पूर्वी ब्रिटनमध्येच भरलेला आहे, मूळ बिलही आहे. दोन उन्हाळे तिकडे काढून मग ती घरी आणावी असा बेत आहे.

बिल अस्सल असलं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर २०२० सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीत आहे. त्या रात्री ब्रिटनचा ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ संपला आणि बोट जिथे उभी होती त्यावर तिचा दर्जा ठरला.

ती तेव्हा ग्रीसमध्ये किंवा संघाच्या दुसऱ्या एखाद्या देशात असेल, तर व्हॅट भरलेली बोट म्हणून तिचा युरोपीय दर्जा टिकला. तुम्ही ती तिकडे मुदतीच्या धास्तीशिवाय ठेवू शकाल. (शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस राहण्याचा नियम तुम्हाला लागू आहेच, तो माणसाचा, बोटीचा नाही.) पण घरी आणताना ती ब्रिटनच्या दृष्टीने आयात ठरेल आणि तिच्या त्या वेळच्या किमतीवर २० टक्के व्हॅट लागेल. चाळीस हजार पौंडांच्या बोटीवर आठ हजार. ‘परत आलेला माल’ म्हणून सवलत आहे, पण ती मागण्यासाठी बोट बाहेर नेणारा आणि परत आणणारा माणूस एकच असावा लागतो. आजच्या मालकाला ती कदाचित मिळेल. तुम्ही बोट बाहेर नेलेलीच नाही, म्हणून तुम्हाला नाही. ब्रिटनमध्ये एकदा भरलेला व्हॅट पुन्हा कसा मागतात, असं वाटणं साहजिक आहे आणि मलाही हा नियम खरेदीदारावर अन्याय करणारा वाटतो, पण तो तसा आहे. म्हणून विक्रेत्याला विचारून पाहा : बोट त्याने स्वतः ब्रिटनला आणून, तिथे सवलत मिळवून, मग विकली तर? वाहून आणण्याचा खर्च वाटून घेतला तरी पुष्कळदा परवडतो.

ती त्या रात्री ब्रिटनमध्ये असेल तर चित्र उलटं होतं. नंतर ती तात्पुरत्या प्रवेशावर ग्रीसला गेली असणार. ही सोय संघाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या, संघाबाहेर नोंदलेल्या बोटीसाठी असते आणि तिची मुदत १८ महिन्यांची. प्रवेशाची तारीख कागदावर बघा. मुदत उलटली असेल तर ग्रीसचा २४ टक्के व्हॅट दारात उभा आहे. मुदत शिल्लक असली तरी ग्रीसमध्येच मालक बदलण्याआधी तिथल्या कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या. ब्रोकरचं तोंडी आश्वासन चालणार नाही.

बोट कुठे होती याचा पुरावा म्हणून डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ च्या मरीनाच्या (बोटी लावायच्या तळाच्या) पावत्या, क्रेनने बाहेर काढल्याचं यार्डाचं बिल, विम्याचे कागद मागा. संघाचा दर्जा दाखवणारा ‘टी-टू-एल’ दाखला असेल तर उत्तमच. मार्च २०२४ पासून तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने निघतो.

प्रश्न : क्रोएशियात चार्टर कंपनीची पाच वर्षं वापरलेली बोट स्वस्तात मिळतेय. मूळ बिलावर २५ टक्के व्हॅट स्पष्ट दिसतो. मग काळजी नाही ना?

काळजी इथेच आहे. भाड्याने देण्यासाठी बोट घेणारी कंपनी खरेदीवरचा व्हॅट सहसा सरकारकडून परत मिळवते. बिलावर दिसणारी रक्कम भरली गेली आणि परतही गेली. म्हणून कंपनी तुम्हाला विकते तेव्हा त्या विक्रीवर नव्याने व्हॅट लागायला हवा आणि तुमच्या स्वतःच्या बिलावर तो वेगळा दिसायला हवा. ऐंशी हजार युरो किंमत ‘व्हॅटशिवाय’ असेल तर वर आणखी वीस हजार धरा. स्वस्त वाटण्याचं कारण बहुधा तेच.

माल्टा, सायप्रस, ग्रीसमधल्या जुन्या लीजवर घेतलेल्या बोटी दिसल्या तर भाडेकराराचा प्रत्येक कागद आणि शेवटचं व्हॅट-प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या योजनांत पूर्ण किमतीवर कर लागत नसे. मार्च २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने या तिन्ही देशांना त्याबद्दल नोटिसा दिल्या.

प्रश्न : १९८६ ची स्वीडिश बोट स्टॉकहोममध्ये बघितली. कुठलंच बिल नाही. १९८५ च्या आधीची असती तर चाललं असतं म्हणतात.

बहुतेक देशांसाठी तो नियम खरा आहे : १ जानेवारी १९८५ पूर्वी वापरात आलेली आणि १९९२ च्या अखेरीस संघात असलेली बोट व्हॅट भरलेली मानतात. पण स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया १९९५ मध्ये संघात आले, म्हणून त्यांच्यासाठी तारखा वेगळ्या आहेत : १ जानेवारी १९८७ पूर्वी वापरात आणि १ जानेवारी १९९५ ला तिथे. तुमची बोट यात बसू शकते. बांधणीचं वर्ष आणि १९९५ च्या सुरुवातीला ती स्वीडनमध्ये असल्याचा पुरावा, दोन्ही हवेत. जुन्या मालकाच्या बोट क्लबाकडे विचारा. त्यानंतर ती संघाबाहेर विकली गेली नव्हती ना, हेही पाहा.

प्रश्न : तीन महिन्यांनी लंडनहून कायमचे हँबर्गला जातोय. आत्ता इथे बोट घेऊन सोबत नेली तर?

थांबा. घर बदलताना सोबतचं सामान करमुक्त नेता येतं आणि त्यात बोटही येते. मात्र ती किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी, शिवाय तुम्ही किमान १२ महिने संघाबाहेर राहिलेले हवेत. तीन महिन्यांत हे जमणार नाही. जर्मनीचा १९ टक्के व्हॅट लागेल. तिकडे गेल्यावर कागद स्वच्छ असलेली बोट तिथेच घ्या. सवलतीत नेलेली बोट पुढचे १२ महिने विकता किंवा कोणाला वापरायला देता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : युरोपात व्हॅट भरलेली बोट पुढे मुंबईला आणली तर तो व्हॅट धरतात का?

नाही. भारतात ती सरळ आयात आहे. सीमाशुल्क वेगळं, आणि हौशी बोटींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. जुन्या मालाच्या आयातीसाठी परवानगी लागू शकते, म्हणून बोट हलवण्याआधी कस्टम्स एजंटाकडून लेखी अंदाज मागवा.