‘मी साधंच विचारलं, तरी तो चिडतो’

स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असा मानसिक आजार असलेल्यांचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा त्या आवाजांबद्दल विचारतातच. पण त्याहून जास्त वेळा ऐकते ती ही तक्रार : आम्ही मायेनं बोललो तरी त्याला ते ओरडणं वाटतं.

अशाच एक आई. मुलगा तिशीतला, औषधं वेळच्या वेळी, भासही बरेच ओसरलेले. “मॅडम, ‘जेवलास का?’ एवढंच विचारते. लगेच म्हणतो, अंगावर का येतेस? मुद्दाम करतो का हो?”

तो गप्पच असायचा. काही भेटींनंतर मी आईंना म्हटलं, तोच प्रश्न इथे विचारा. त्यांनी विचारला. मग त्याला विचारलं, “आई आत्ता कशी बोलली?”

तो बराच वेळ आईकडे बघत राहिला. “शब्द कळतात. रागावलीय का, ते नाही कळत. मग रागावलीय असंच धरतो.”

आईंना रडू आवरेना. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं की याचं चिडणं म्हणजे सावधगिरी आहे. धमकावणारे आवाज ज्यानं ऐकलेत, तो अर्थ लागला नाही की वाईटच धरून चालणार.

यामागे ऐकण्याचंही कारण असतं. या आजारात अनेकांना दोन सुरांमधला बारीक फरक पकडणं जड जातं, आणि बोलण्यातला राग, माया, थट्टा आपण बऱ्याच अंशी सुराच्या चढउतारावरून ओळखतो. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २००५ साली सुरांतला फरक न कळणं आणि बोलण्यातली भावना न ओळखणं या दोन अडचणींचा एकमेकींशी संबंध दाखवला. कानाची तपासणी व्यवस्थित येऊनही ही अडचण असू शकते.

म्हणून भावना शब्दांत सांगा. त्या आई आता म्हणतात, “रागावले नाहीये, फक्त विचारतेय. जेवलास का?” आणि तो उत्तर देतो. मिक्सर, टीव्ही बंद करून, समोर येऊन, एका वेळी एकानंच बोला. तरी बिनसलं तर वाद न घालता विचारा, “तुला काय ऐकू आलं?” घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय मी काम करत नाही, ते यासाठीच. हे बदल घरातच व्हायचे असतात.

औषधं मात्र स्वतःहून थांबवू नका. आवाज पुन्हा वाढले, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीअपरात्रीही चालू असतो.