चौथीतल्या मुलीला स्वतःचा निबंध लिहायला कसं शिकवायचं?

तुमची लेक चौथीत आहे. निबंध म्हटला की गाईडमधला पाठ करून उतरवते, नाहीतर चार ओळींत उरकते, आणि "एकदा वाचून बघ" म्हटलं की "वाचलं" म्हणत वही मिटते. काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यासाठी शिकवणी वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका.

पोरांकडे सांगण्यासारखं नसतं असं नाही. आपण त्यांना विषयच एवढा मोठा देतो की कुठून धरावा हे कळत नाही. 'पावसाळा' दिला की अर्ध्या वह्यांत मोर पिसारा फुलवतो आणि बळीराजा सुखावतो. लिहिणारं पोरगं असतं पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीकडचं. घरात २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या गोष्टी अजून निघतात. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्याला तोंडपाठ. म्हशी कुठल्या पाहुण्याकडे न्यायच्या, धान्य माळ्यावर कधी चढवायचं, हे सगळं जेवताना कानावर पडलेलं. पण वहीत मोरच. हे घरचं बोलणं निबंधात चालतं, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आधी विषय बारीक करा. 'पावसाळा' नको, 'पाणी वाढायला लागलं की आमच्या घरात काय काय हलवतात' घ्या. 'माझा आवडता सण' नको, 'बेंदराला बैलाची शिंगं रंगवताना' घ्या. शाळेनं मोठाच विषय दिला असेल तरी आतला एक तुकडा निवडता येतो. शीर्षक तेच ठेवायचं.

मग बोलू द्या. वही-पेन्सिल बाजूला. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं गुऱ्हाळावर लिहिलं होतं, "आम्ही गुऱ्हाळावर गेलो. खूप मजा आली. गूळ खाल्ला. खूप मजा आली." मी तिला शेजारी बसवून एवढंच विचारलं, "काहिलीतला रस उतरवायचा कधी, हे कोण ठरवतं?" झालं, पोरगी सुटलीच. गूळ करणारा गुळव्या ठरवतो. तो पाण्यात थोडा पाक टाकून गोळी होते का बघतो. त्याच्या आधी भेंडीचं पाणी घालतात, मग मळी वर येते, ती काढून टाकतात. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं घालणाऱ्या मामाचा चेहरा लालभडक झालेला असतो. आणि दादानं तिला मागं ओढलेलं, "लई तापलंय, हात घालू नगंस!" एवढं सगळं पोटात होतं आणि वहीत काय, तर दोनदा मजा आली.

ती बोलत असताना मी काहीच लिहून घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका. तुम्ही लिहिलंत की ते तुमचं वाक्य होतं आणि लेक ते उतरवून काढते. "आणखी लिही" असंही म्हणू नका, त्यानं फक्त ओळी वाढतात. "मग?" किंवा "ते कसं दिसत होतं?" एवढं पुरतं.

बोलून झालं की एका कोऱ्या कागदाला दोन घड्या घालून चार घरं करायला सांगा. एका घरात एकच गोष्ट, तीही दोन-तीन शब्दांत. पूर्ण वाक्य लिहायला बंदी. गुऱ्हाळावर लिहिणाऱ्या मुलीच्या कागदावर 'जाताना ट्रॅक्टर', 'चुलवाण, मामा', 'पाण्यात गोळी', 'दादा ओरडला' असं आलं. त्यानंतर मी विचारते, यातलं कुठलं काढलं तरी चालेल? तिनं लगेच ट्रॅक्टर खोडला. नियोजन म्हणून मुद्दे काढायला आपण शिकवतो, पण सोडायला शिकवत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथंच आहे. ट्रॅक्टर गेला की निबंध थेट काहिलीपाशी सुरू होतो. उरलेल्या घरांना क्रमांक द्यायचे. दादा ओरडला ते आधी घ्यायचं की शेवटी, हे तिचं तिला ठरवू द्या.

लिहिताना एक ओळ सोडून लिहायचं, दुरुस्तीला जागा राहते. पहिल्या खर्ड्यात 'आलतो', 'गेलतो', 'लई' येऊ देत. आपली पोरं बोलतात तशीच लिहिणार. कोण बोललं असेल तर ते अवतरणचिन्हात तसंच राहू दे, बाकीचं नंतर प्रमाण मराठीत बदलून घेता येतं. लिहितानाच प्रत्येक शब्दाला अडवलंत तर पोर सोपे शब्द शोधायला लागतं, आणि पुन्हा 'खूप मजा आली' येतं!

तपासणी त्याच दिवशी नको. लिहिलेलं डोक्यात ताजं असतं, त्यामुळे डोळा चुकीवरूनही सरळ पुढं जातो. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचायला लावा, शब्दाशब्दावर बोट ठेवून. बोट असलं की गाळलेला शब्द सापडतो. श्वास थांबतो तिथं बहुतेक वेळा पूर्णविराम राहिलेला असतो. 'आणि मग, आणि मग' तर पोरांनाच ऐकू येतं, वर्गात हसू फुटतं. एका वाचनात एकच काम. पहिल्यात फक्त 'घरी नसलेल्या माणसाला हे कळेल का', पुढच्यात वाक्यं, शेवटी शुद्धलेखन.

शुद्धलेखनात चौथीला दोन नियम खूप झाले. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ: नदी, पाटी, चाकू. ('आणि' हा अपवाद, तो रोज लागतो म्हणून वेगळा सांगायचा.) आणि दुसरा, आमच्या पोरांना पटकन कळणारा: गूळ पण गुळाचा, ऊस पण उसाचा. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा-वेलांटी काही नसेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो, शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. 'गुण', 'विष' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द पुढच्या इयत्तेत बघू. बाकीच्या चुका दिसल्या तरी लाल पेन आवरा.

थोर व्यक्तींवरचे निबंध मात्र असे पोटातून निघत नाहीत, तिथं माहिती लागतेच. शाहू जयंतीला आमच्याकडे प्रत्येक भाषण "२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात" असंच सुरू होतं. ते असू दे. पण सगळं चरित्र कोंबण्यापेक्षा एकच काम घ्या. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. पोरांना हा दंड भारी आवडतो. मग लेकीला विचारा, "आज्जी कितवीपर्यंत शिकली? का थांबली?" ते आज्जीलाच विचारून येऊ दे आणि चारातलं एक घर त्याला ठेवा.

परीक्षेत एवढा वेळ मिळत नाही हे खरं. तिथं पानाच्या कडेला पेन्सिलीनं तीन-चार शब्द टाकायचे आणि शेवटी ओठ हलवत एकदा वाचायचं, एवढंच करून घ्या. घरी आठवड्याला एकच निबंध, पण सगळ्या पायऱ्यांनी. आणि सध्या गाईड कपाटावर ठेवून द्या.