वाचक विचारतात : डॅशकॅमचं शेवटचं मिनिट कुठे जातं?

सातारा-सांगली भागातून या वेळी डॅशकॅमबद्दल बरेच प्रश्न आले. बहुतेकांची तक्रार एकच आहे. कॅमेऱ्याचा दिवा लागतो, रेकॉर्डिंग चालू दिसतं, पण नेमकं हवं ते फुटेज सापडत नाही. लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. खोट मात्र बहुधा कार्डात किंवा वायरिंगमध्ये निघते.

प्रश्न : माझी गाडी टॅक्सी म्हणून रोज दहा तास हायवेवर असते. पुढे-मागे दोन कॅमेरे आहेत. ६४ जीबीचं नामांकित कंपनीचं कार्ड वर्षाच्या आतच खराब होतं. दुकानदार म्हणतो, जास्त स्पीडचं घ्या. घेऊ का? – एक वाहनमालक, कराड

स्पीडचा इथे काही संबंध नाही. पुढचा कॅमेरा सेकंदाला १६ मेगाबिट आणि मागचा ८ मेगाबिट लिहितो असं धरू. दोन्ही मिळून २४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ३ एमबी. साध्या ‘क्लास १०’ कार्डालाही किमान १० एमबी जमतं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला शंभर-दीडशेचा आकडा वाचनाचा असतो. ए१, ए२ ही चिन्हं मोबाइलमधल्या ॲपसाठी आहेत, तुमच्या उपयोगाची नाहीत. ४के कॅमेरा असेल तर व्ही३० चिन्हाचं कार्ड घ्या, एवढंच.

तुमचं कार्ड झिजतंय. सेकंदाला ३ एमबी म्हणजे तासाला १०.८ जीबी आणि दहा तासांना १०८ जीबी. ६४ जीबीचं कार्ड रोज जवळपास पावणेदोन वेळा पूर्ण पुसून पुन्हा लिहिलं जातं. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पाचशेच्या वर फेरे झाले. त्यात आणखी एक गोम आहे. फ्लॅश मेमरीत थोडीशी जागा वेगळी पुसता येत नाही, काही एमबींचा आख्खा ब्लॉक पुसावा लागतो. फाइलची नोंद, जीपीएसचा लॉग अशा बारीकसारीक लिखाणापायी कार्डाच्या आत प्रत्यक्षात दीड-दोन पट लिहिलं जातं. म्हणजे वर्षाला हजारेक फेरे. टीएलसी प्रकारच्या साध्या मेमरीचं आयुष्य साधारण हजार ते तीन हजार फेऱ्यांचं असतं, स्वस्त क्यूएलसीचं त्याहूनही कमी. तेव्हा कार्ड वर्षभरात जातं यात नवल नाही.

दोन गोष्टी करा. पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच कार्ड घ्या आणि ते १२८ जीबीचं घ्या. साइज दुप्पट झाली की फेरे निम्म्यावर येतात. मात्र तुमचा कॅमेरा १२८ जीबी घेतो का, हे आधी त्याच्या माहितीपत्रकात पाहा. बऱ्याच कंपन्यांच्या साध्या कार्डांच्या वॉरंटीत डॅशकॅमचा वापर वगळलेला असतो, तेही वाचा.

नवं कार्ड आणलं की कॅमेऱ्यात घालण्याआधी कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ३’ने पूर्ण भरून वाचून घ्या. तास-दीड तास जातो, पण ३२ जीबीच्या कार्डावर १२८चं लेबल चिकटवलेलं असेल तर तिथेच उघडं पडतं. मग कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा आणि पुढे महिन्यातून एकदा करत राहा. फॉरमॅटने झीज भरून येत नाही. अर्धवट फाइलींचा कचरा तेवढा साफ होतो.

कार्ड संपत आल्याची खूण ओळखायला सोपी आहे. फाइल डिलीट करा, कार्ड काढून परत घाला. डिलीट केलेली फाइल जशीच्या तशी तिथे असेल, किंवा ‘फॉरमॅट झालं’ म्हणूनही जुनं फुटेज दिसत असेल, तर कार्डाच्या कंट्रोलरने लिहिणं कायमचं बंद केलं आहे. जुनं फुटेज उतरवून घ्या आणि कार्ड टाकून द्या.

प्रश्न : ट्रकला अपघात झाला. आधीच्या सगळ्या फाइली दिसतात, फक्त अपघाताची शेवटची फाइल उघडत नाही. कुणी मुद्दाम पुसली असेल का? – बेदाण्याचे वाहतूकदार, तासगाव

तशी शक्यता फार कमी. एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि बहुतेक कॅमेरे ती फाइल बंद करताना, अगदी शेवटी लिहितात. धडक बसली, बॅटरीची वायर तुटली किंवा लायटरच्या सॉकेटमधला प्लग उडाला, की अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. चित्र कार्डावर असतं, पण प्लेअरला ते वाचता येत नाही. कधी फाइल शून्य बाइटची दिसते, कारण तिच्या लांबीची नोंदच झालेली नसते.

कार्ड आधी बाहेर काढा, त्यावर एक सेकंदही नवं रेकॉर्डिंग होऊ देऊ नका. मायक्रोएसडीच्या ॲडॉप्टरची बाजूची खिट्टी ‘लॉक’कडे सरकवून मगच कॉम्प्युटरला लावा. विंडोजने ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तर नाही म्हणा. पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलीतली हुबेहूब प्रत, काढा आणि पुढचं सगळं काम त्या इमेजवर करा. फाइलमध्ये डेटा असेल तर ‘अनट्रंक’ हे मोफत सॉफ्टवेअर त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून घेऊन अनुक्रमणिका नव्याने बांधतं. शून्य बाइटच्या फाइलसाठी आधी ‘फोटोरेक’सारख्या साधनाने डेटा शोधावा लागतो. दोन कॅमेरे एकाच वेळी लिहीत असतील तर दोघांचे तुकडे कार्डावर एकमेकांत मिसळलेले असतात, मग काम अवघड होतं. ते जाणकाराकडेच द्या.

पुढच्यासाठी : लूपची (जुन्यात जुनी पुसून त्याजागी नवी लिहिली जाणाऱ्या एकेका फाइलची) लांबी तीन-पाच मिनिटांवरून एक मिनिट करा. जास्तीत जास्त तेवढंच जाईल. टीएस प्रकारच्या फाइली करणारा कॅमेरा मिळाला तर उत्तम. त्यात १८८ बाइटची स्वतंत्र पाकिटं असतात, मध्येच वीज गेली तरी तोवरचं सगळं दिसतं. आणि ट्रक २४ व्होल्टचा असल्याने चार्जरवर ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिलंय ना, हे बघूनच लावा.

प्रश्न : उन्हाळ्यात कॅमेऱ्याची मागची बाजू फुगली. बॅटरी काढून तिथे कपॅसिटर बसवून देतो असं मोबाइल रिपेअरवाला म्हणतो. – मिरज

बसवू नका. लिथियम बॅटरीचं चार्जिंग सर्किट ४.२ व्होल्टच्या हिशेबाने बनलेलं असतं. रिकामा सुपरकपॅसिटर त्याला शॉर्ट सर्किटसारखा दिसतो. एक तर चार्जिंग सुरूच होत नाही, नाही तर सर्किट तापतं. बॅटरी फुगली कारण लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात बंद उभ्या गाडीच्या काचेमागे ७० अंशही होतात. फुगलेला कॅमेरा चार्जिंगला लावू नका, सेल टोचू किंवा दाबू नका, ई-कचऱ्यात द्या.

नवा घेताना सुपरकपॅसिटरवालाच घ्या. तो पाच-दहा सेकंदच पुरतो, पण फाइल नीट बंद करायला तेवढं बस होतं. त्याचंही आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, म्हणून कॅमेरा आरशामागच्या सावलीत लावा. लेन्ससमोरची काच मात्र वायपर पुसेल अशी हवी.

प्रश्न : मागचा कॅमेरा जोडला की पुढचा मध्येच बंद होऊन सुरू होतो, विशेषतः रात्री. वायर मी बाजारातून लांब घेतली आहे. – वाई

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. स्वस्त यूएसबी केबलमध्ये वीज नेणारी तार ०.०८ चौरस मिलिमीटरची असते. साडेतीन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन सात मीटर तांबं, त्याचा रोध दीड ओहम. दोन कॅमेरे मिळून ०.७ अँपिअर घेत असतील तर एक व्होल्ट वाटेतच जातो आणि कॅमेऱ्याला ५ ऐवजी ४ व्होल्ट मिळतात. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट आणखी वाढतो आणि कॅमेरा बसतो. असा प्रत्येक झटका कार्डावर एक अर्धवट फाइल सोडून जातो, हे वेगळंच. ०.३५ चौरस मिलिमीटरची तार असेल तर तीच घट पाव व्होल्टवर येते. रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावा, ४.७५ च्या खाली दिसलं तर केबल बदला.

प्रश्न : पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग) लावला आणि चार दिवसांनी गाडी सुरूच झाली नाही. – सातारा

पार्किंगमध्ये कॅमेरा साधारण पाव अँपिअर घेतो. चार दिवसांत २४ अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरीच ३५ची असते. हार्डवायर किटवर (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या डबीवर) किती व्होल्टला कॅमेरा बंद करायचा, या कट-ऑफची निवड असते, ती ११.८ वर असेल तर १२.२ वर न्या. जुन्या बॅटरीला १२.४. बारा पूर्णांक दोनला बॅटरी साधारण निम्मी उरलेली असते, ११.८ ला जवळपास रिकामी. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून वीज घेणारी जोडणी) एअरबॅग, एबीएस आणि इंजिन ईसीयूच्या फ्यूजवर कधीही लावू नका.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर डॅशकॅम करतोय. दर दोन-चार दिवसांनी कार्ड करप्ट होऊन बूटच होत नाही. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

गाडीची किल्ली फिरवली की वीज जाते आणि त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिम कार्डावर काहीतरी लिहीत असते. म्हणून पहिलं काम : ‘रास्पी-कॉन्फिग’मधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे मूळ पार्टिशन फक्त वाचलं जाईल. स्वॅप बंद. व्हिडिओसाठी वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करून ते ‘नोएटाइम’ने माउंट करा आणि कार्डाचा दहाएक टक्के भाग पार्टिशन न करता मोकळा सोडा. फाइली टीएसमध्ये, ६० सेकंदांच्या. सेकंदाला १ एमबी लिहीत असाल तर दर चार सेकंदांनी एकदा ‘एफसिंक’ करा, म्हणजे रॅममधलं सगळं कार्डावर उतरवा. दर चित्रामागे केलंत तर कार्ड लवकर झिजेल, आणि अजिबात केलं नाहीत तर वीज जाताना बराच मजकूर रॅममध्येच राहील. पाय ५ घेतला असेल तर लक्षात ठेवा, त्यात एच.२६४ व्हिडिओ दाबून लहान करणारा हार्डवेअर एन्कोडर नाही. या कामाला पायचंच छोटं मॉडेल झीरो २ डब्ल्यू पुरतं आणि तापतंही कमी.

आता वीज. १० फॅरड, २.७ व्होल्टचे दोन सुपरकपॅसिटर सीरिजमध्ये जोडले की ५ फॅरड होतात. दोघांवर समान व्होल्टेज राहावं म्हणून बॅलन्सिंग रेझिस्टर हवेतच, नाहीतर एकावर २.७ च्या वर जाऊन तो फुगतो. ५ व्होल्टपासून २.५ पर्यंत वापरले तर ऊर्जा अर्धा × ५ × (२५ − ६.२५), म्हणजे सुमारे ४७ ज्यूल. बूस्ट कन्व्हर्टरचा (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचा) तोटा धरून ४०. भार ३ वॅटचा असेल तर १३ सेकंद मिळतात. शटडाउन त्यात बसवा. चार्जिंगचा करंट अर्ध्या अँपिअरवर बांधा. पण मग पूर्ण चार्ज व्हायला ५० सेकंद लागतात आणि तोवर बॅकअप नाही, हे तुमच्या अहवालात लिहा. परीक्षक नेमकं तेच विचारतील.

वीज गेल्याची खबर बक कन्व्हर्टरच्या (१२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या सर्किटच्या) आधी, १२ व्होल्टच्या बाजूने, कंपॅरेटरमधून (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपमधून) घ्या. जीपीआयओला (पायच्या पिनांना) थेट नको. स्टार्टर मारताना बॅटरी क्षणभर ६–७ व्होल्टवर येते, म्हणून दोन सेकंद थांबून खात्री झाल्यावरच शटडाउन सुरू करा, नाहीतर गाडी सुरू करताना दर वेळी कॅमेरा झोपेल. इनपुटला २ अँपिअरचा फ्यूज, उलट्या जोडणीपासून संरक्षण, व्होल्टेजचे झटके शोषणारा २४ व्होल्ट स्टँड-ऑफचा टीव्हीएस डायोड आणि निदान ४० व्होल्ट सोसणारा बक.

चाचणीसाठी एक रिले लावून ५ ते ९० सेकंदांच्या मधल्या कुठल्याही क्षणी वीज तोडायची, पुन्हा द्यायची, आणि दर वेळी शेवटची फाइल आपोआप तपासायची. रात्रभर चालू द्या. टेबलावर हाताने चार वेळा प्लग काढून काही कळत नाही.

प्रश्न : कारखान्याचा सीझन सुरू झाला की रस्ता इतका खराब होतो की कॅमेरा ‘कार्ड फुल’ म्हणतो. लूप असताना असं का? – कोरेगाव

खड्ड्याच्या धक्क्याला कॅमेरा अपघात समजतो आणि ती फाइल लॉक करतो. लॉक फाइल लूपमध्ये पुसली जात नाही. धक्का ओळखणारा जी-सेन्सर ‘लो’वर ठेवा आणि लॉक फोल्डर आठवड्याला रिकामा करा. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रात्री जाताना काही घडलंच तर हाताने लॉक करायचं बटण आहेच.

प्रश्न : फुटेज पोलिसांना आणि कोर्टात कसं द्यायचं? व्हॉट्सॲपवर पाठवलं तर चालेल का? – विश्रामबाग, सांगली

व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करतं, नंबर प्लेट तिथेच धूसर होते, आणि ती मूळ फाइलही राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खाली अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ तुम्ही आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायची असते. तेव्हा कार्ड काढून लॉक करा, मूळ फाइल नाव न बदलता कॉपी करा आणि विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ कमांडने तिची एसएचए-२५६ हॅश काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवा. कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवा, गाडीत दुसरं वापरा. पोलिसांनी कार्डच मागितलं तर पंचनाम्यात त्याची नोंद होऊ द्या.

फुटेजवरचं घड्याळ तेवढं आज तपासा. टाइमझोन जीएमटी +५:३० हवा. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्यात आतला छोटा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि समोरच्या वकिलाला बोट ठेवायला आयती जागा मिळते.